खान्देशची ओसरी कोणासाठी?

पाहुणचाराचा विषय निघाला म्हणजे खान्देशी माणसाची छाती अंमळ फुगते, आणि ती फुगावी यात गैर काही नाही. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या काठचा हा मुलूख पूर्वीपासून वाटेवरचा मुलूख आहे. मुंबईहून आग्र्याला जाणारा रस्ता धुळ्यावरून जातो. सुरतेकडून येणारा लोहमार्ग जळगावी मुंबईच्या मार्गाला मिळतो आणि भुसावळच्या जंक्शनावरून एक वाट नागपूरकडे, दुसरी इटारसीकडे फुटते. अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेला परदेशी प्रवासी पुष्कळदा जळगावच्या स्टेशनावर उतरतो. ज्या मुलखातून इतकी माणसे येतात-जातात, त्याला पाहुण्याची सवय असणारच. थंडीच्या दिवसांत शेतावर वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊन गेलेला परगावचा मनुष्य खान्देशचे नाव दहा ठिकाणी सांगतो.

प्रश्न असा की, हा पाहुणचार कोणासाठी आहे? ओळखीच्यासाठी, की अनोळखी माणसासाठीही? आणि अनोळखी माणूस असा आला की, जो पुरुष की स्त्री हे आपल्याला कळत नाही, किंवा दोन पुरुष असे आले की, जे एकमेकांचे जन्माचे सोबती आहेत, तर आपली ओसरी त्यांनाही मोकळी असते काय? ज्यांना हल्ली इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एलजीबीटी' असे म्हणतात, म्हणजे समलिंगी स्त्री-पुरुष, उभयलिंगी आणि तृतीयपंथी, त्यांच्याविषयी आम्ही बोलत आहोत. त्यांच्यासाठी अमुक शहर चांगले, तमुक देश चांगला, अशी पुस्तके जगात निघतात. त्यांत जळगाव-धुळ्याचे नाव येते की नाही, याची आम्हांला फारशी फिकीर नाही. आपण आपली परीक्षा आपणच घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे शिक्षण थोडे. हमाल, सफाई कामगार आणि जिनिंगमधले कामगार यांच्या संघटनेत तीस वर्षे वावरताना जे वाचले आणि पाहिले, तेवढ्याच्या बळावर आम्ही हे लिहीत आहोत. कामगार-चळवळीचा आणि या विषयाचा काय संबंध, असे काहींना वाटेल. तो पुढे येईल.

चार प्रश्न

आपल्या पाहुणचाराची एक रीत आहे. पाण्याचा तांब्या पुढे येण्यापूर्वी किंवा त्याच्या जोडीने चार प्रश्न येतात. "कोनता गावना शेतस?" हा पहिला. मग कोणाचे, म्हणजे घराणे कोणते, आणि पर्यायाने जात कोणती. मग लग्न झाले का. आणि झाले असेल तर मुले किती. हे प्रश्न दुष्टपणाने विचारलेले नसतात. अनोळखी माणसाला ओळखीच्या चौकटीत बसवून घ्यावे, कुठेतरी सोयरगत निघावी आणि मग मोकळेपणाने जेवू घालावे, असा त्यामागचा भाव असतो. आमच्या पिढीतल्या किती तरी माणसांना या चार प्रश्नांनी परक्या गावात घर मिळवून दिले आहे.

परंतु ज्याच्यापाशी या प्रश्नांचे सरळ उत्तर नाही, त्याचे काय? चाळीस वर्षांचा मनुष्य 'लग्न केले नाही' म्हणाला की पुढला प्रश्न 'का?' असा येतो. खरे सांगावे तर ओसरीवरून उठावे लागेल, आणि बसून राहावयाचे तर खोटे सांगावे लागेल. तृतीयपंथी व्यक्तीच्या बाबतीत तर पहिल्याच प्रश्नाला अडचण. तिने गाव सोडलेले असते, पुष्कळदा गावाने तिला सोडलेले असते, आणि 'कोणाचे' या प्रश्नाला ती आई-बापांचे नव्हे, गुरूचे नाव सांगते. म्हणजे ज्या रीतीने आपण इतरांना आत घेतो, त्याच रीतीने काही माणसे बाहेर राहतात. दार लावलेले नसते, पण उंबरठाच असा घातलेला असतो की, खोटे बोलल्यावाचून तो ओलांडता येऊ नये. जेवणासाठी कोणाला खोटे बोलावे लागत असेल, तर त्या जेवणाची चव पाहुण्याला लागत नाही, आणि यजमानालाही आपण कोणाला जेवू घातले हे कळत नाही.

जुन्या काळी काय होते

हे सारे पाश्चात्यांचे थेर आहे, आमच्याकडे असे काही नव्हते, असा एक आक्षेप हटकून घेतला जातो. तो इतिहासाला धरून नाही.

दख्खनमध्ये मराठ्यांच्या अमदानीत तृतीयपंथीयांचे काही हक्क राजसत्तेने मान्य केलेले होते. नेमून दिलेल्या गावांतून धान्य आणि थोडे पैसे गोळा करण्याचा हक्क काहींना सनदेने मिळालेला होता. क्वचित इनाम जमिनीही होत्या. हा हक्क गुरूकडून शिष्याकडे जाई. ही काही समतेची व्यवस्था नव्हती. मागून खाण्याचाच तो हक्क होता. तथापि, 'या माणसांना जगण्याचा अधिकार आहे आणि गावाने त्याचा वाटा उचलावा' एवढे त्यात मान्य केलेले होते. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे हक्क पुढे चालू ठेवण्याचे नाकारले. वारसदार शिष्याला काही मिळेना. सनद गेली आणि मागणे तेवढे उरले. आज गाडीच्या डब्यात टाळी वाजते, तिच्यामागे हीही हकीकत आहे.

त्यानंतर दोन कायदे आले. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाने समलिंगी संबंध हा गुन्हा ठरविला. आणि १८७१ साली जो कायदा झाला, त्याच्या नावातच गुन्हेगार जमाती आणि तृतीयपंथी हे दोन्ही एकत्र गुंफलेले होते. पहिल्या भागात भटक्या जमातींची नोंदणी, दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांची. स्त्रीवेष करून रस्त्यावर दिसल्यास किंवा नाच-गाणे केल्यास वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. हा दुसरा भाग मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत राबविला गेला, आणि पुढे १९११ मध्ये तो वगळला गेला. जमातींविषयीचा कायदा मात्र स्वातंत्र्यानंतर १९५२ साली रद्द झाला. इंग्रज सरकारच्या नजरेत फिरस्ता आणि तृतीयपंथी हे एकाच पंगतीतले होते, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. ज्याचा पत्ता लागत नाही तो संशयित, असा त्या नजरेचा न्याय होता. साहेब गेला, पण ती नजर आपल्यापाशी ठेवून गेला.

वास्तविक आपल्याच लोकांनी दुसऱ्या एका ठिकाणी निराळी दृष्टी दाखविली होती. पुरुषाने स्त्रीवेष घेऊन रंगभूमीवर यावे आणि घराघरांतल्या स्त्रियांनी त्याच्यासारखे नऊवारी नेसावयास शिकावे, हे महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या बाबतीत पाहिले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचेच नाव आहे. तमाशातल्या नाच्यालाही आपण टाळ्या दिल्या. हे कलावंत समलिंगी होते वा तृतीयपंथी होते, असे आम्ही म्हणत नाही. वेष ही कलेची गोष्ट होती. आमचे म्हणणे एवढेच की, पुरुषाच्या अंगावरचे लुगडे पाहून आपली संस्कृती बुडत नव्हती. जे नाट्यगृहात तिकीट काढून पाहिले, ते स्टेशनाच्या बाकावर बसलेले दिसले म्हणजे मात्र आपण जागा बदलतो.

आणि विचाराच्या क्षेत्रात म्हणाल, तर र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांत उघड उत्तरे असत. त्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला, तेव्हा कर्व्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली. खटल्यात दंड झाला, पण लोकांनी प्रश्न विचारले तर ज्ञानाने उत्तर देणे हा गुन्हा कसा, हा युक्तिवाद त्या दिवशी मराठी मुलखात मांडला गेला. तेव्हा हा विषय काल परवा विमानातून उतरला, असे कोणी समजू नये.

राईनपाडा आणि भादली

आता आपल्या घरच्या दोन हकीकती. दोन्ही गेल्या काही वर्षांतल्या आहेत, आणि दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय खान्देशचे खरे चित्र उभे राहत नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले राईनपाडा हे गाव. रविवारचा आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे आले. पिढ्यान् पिढ्या भिक्षा मागत फिरणारी ही माणसे. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. लोक जमले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले गेले, आणि पाचही जण मेले. त्यांनाही प्रश्न विचारले गेलेच असतील: कोणते गाव, कोणाचे, येथे कशाला? उत्तरे खरी होती, पण ऐकणारा कोणी नव्हता.

या पाच जणांचा तृतीयपंथीयांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अफवेचा आहे. त्याच वर्षी मे महिन्यात हैदराबादेत, मुले पळविण्याच्या याच अफवेवरून जमावाने एका तृतीयपंथी व्यक्तीचा जीव घेतला. १८७१ च्या कायद्याने ज्या दोघांना एका माळेत ओवले, त्या दोघांनाच २०१८ च्या जमावाने वेचून काढले. फिरस्ता आणि तृतीयपंथी. दोघांचाही वेष निराळा, दोघांचेही बिऱ्हाड पाठीवर, आणि दोघांसाठीही 'हा आमचा आहे' असे म्हणणारा त्या घटकेला कोणी नसतो. राईनपाड्याचा ठपका आम्ही कोणत्याही जातीजमातीवर ठेवीत नाही. अफवा शहरातल्या सुशिक्षितांनीही पुढे ढकललेल्या होत्या. परंतु आपल्या मुलखात वाटसरू मारला गेला, हे खान्देशाने विसरू नये. पाहुणचाराची बढाई मारताना हे पाच जण पंगतीत बसलेले असतात.

आता दुसरी हकीकत. जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान भादली नावाचे स्टेशन लागते. तेथले भादली बुद्रुक हे गाव. २०२० च्या डिसेंबरात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी अंजली गुरू संजना जान या तृतीयपंथी व्यक्तीने स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्यांनी तो फेटाळला. तृतीयपंथी व्यक्तीला या जागेवर उभे राहता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे गेल्या. आपण आयुष्यभरासाठी स्त्री ही ओळख स्वीकारलेली आहे आणि पुढे ती सोयीप्रमाणे बदलणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि २ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयाने त्यांचा अर्ज मान्य करावयास लावला. त्याच महिन्यात मतदान झाले. गावाने त्यांना निवडून दिले.

न्यायालयाने काय केले, तर उभे राहण्याची वाट मोकळी केली. निवडून देण्याचे काम भादलीच्या शेतकऱ्यांनी, मजुरांनी आणि बायाबापड्यांनी केले. त्यांना कोणी व्याख्यान दिले नव्हते. गटार कोण साफ करवील, नळाला पाणी कोण आणील, अडीअडचणीला कोण धावेल, एवढाच हिशेब त्यांनी केला असावा. हाच खरा लोकांचा हिशेब. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ या गावाने त्याआधी २०१७ साली ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच केले होते. आणि २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत रावेर मतदारसंघातून शमिभा पाटील वंचित बहुजन आघाडीतर्फे उभ्या राहिल्या. त्या निवडून आल्या नाहीत. पण केळीच्या त्या पट्ट्यात एका तृतीयपंथी उमेदवाराने उघडपणे मते मागितली, हे काही थोडे नव्हे.

म्हणजे आपल्याच मुलखात राईनपाडाही आहे आणि भादलीही आहे. फरक कशात आहे? भादलीच्या लोकांना ती व्यक्ती ठाऊक होती. रोज दिसत होती. राईनपाड्याला ती पाच माणसे ठाऊक नव्हती. तात्पर्य, आपण ओळखीच्या माणसाला, तो कितीही निराळा असो, सामावून घेतो. आपली खरी उणीव अनोळखी निराळ्या माणसापाशी आहे. आणि प्रवासी तर अनोळखीच असावयाचा. त्याला तुमची ओळख पटवून देण्यास पाच वर्षे गावात राहावयास सवड नसते. त्याला आज रात्री खोली पाहिजे असते.

खोलीचा प्रश्न

हा खोलीचा प्रश्न आम्ही जवळून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेची बैठक भरली होती. परजिल्ह्यांतून प्रतिनिधी आले, त्यांत सफाई कामगारांची एक प्रतिनिधी तृतीयपंथी होती. एका लॉजवर खोल्या ठरलेल्या होत्या. नाव घेण्याचे कारण नाही. सर्वांना किल्ल्या मिळाल्या, तिला मिळेना. "बाकीचे गिऱ्हाईक कुरकुर करतात," एवढेच मालकाचे म्हणणे. दहा मिनिटे बोलाचाली झाली. ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही झोपा, मी स्टेशनावर जाते, मला सवय आहे." तेव्हा पाचोऱ्याकडचा एक वयस्क हमाल उठला आणि काही न बोलता त्याने आपली पिशवी उचलली. मग एकेकाने उचलल्या. ती रात्र सर्वांनी कचेरीत सतरंजीवर काढली. मालक त्या रात्री नमला नाही. परंतु पुढल्या बैठकीपासून आम्ही खोल्या ठरवितानाच अट घालू लागलो: आमच्या यादीतल्या प्रत्येकाला खोली, नाही तर कोणालाच नको. वीस खोल्यांचे भाडे बुडणे कोणालाच परवडत नाही. त्यानंतर आमच्या कोणाही प्रतिनिधीला स्टेशनावर झोपावे लागलेले नाही.

खोलीवाचून सर्वच कसे अडते, याचे उदाहरण केरळातले आहे. २०१७ साली कोची मेट्रोने वीसाहून अधिक तृतीयपंथी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या. देशभर कौतुक झाले. पण थोड्याच दिवसांत त्यांतल्या काहींनी नोकरी सोडली. पगार पुरेना आणि शहरात त्यांना कोणी भाड्याने जागा देईना. जी मिळे, तिचे भाडे पगार खाऊन टाकी. सरकारने नोकरी दिली, पण शेजाऱ्याने खोली दिली नाही, आणि नोकरी गेली. 'हे लोक काम का करीत नाहीत, डब्यात टाळ्या का वाजवितात,' असे विचारणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. बेकारी हा स्वभाव नसतो, हे कामगार-चळवळीला शिकविण्याची गरज नाही.

वेल्समधले एक खोरे

आता कामगार-चळवळीचा संबंध सांगण्याचे आम्ही कबूल केले होते, ते सांगतो.

१९८४ सालच्या मार्चात ब्रिटनमधील कोळसा खाण कामगारांनी संप पुकारला. तो वर्षभर चालला. न्यायालयाने संघटनेच्या पैशावर टाच आणली. घरोघरी उपासमार होऊ लागली. त्या वेळी लंडनमध्ये मार्क ॲश्टन आणि माइक जॅक्सन या दोघा तरुणांनी पुढाकार घेऊन समलिंगी स्त्री-पुरुषांचा एक गट उभा केला आणि संपकऱ्यांसाठी डबे फिरवून पैसे जमविले. त्यांचे म्हणणे सरळ होते: जे वर्तमानपत्र आणि जो पोलीस आम्हांला छळतो, तोच आज खाण कामगारांना छळत आहे. त्यांनी वेल्समधील डुलाइस खोऱ्यातल्या कामगारांना मदत पाठविली, आणि त्या खोऱ्यातल्या लोकांनी त्यांना भेटीस बोलाविले. ते गेले. डोंगरातली लहान गावे, देवळाला जाणारी माणसे, खाणीत काम करणारे राकट पुरुष. लंडनच्या या पाहुण्यांना धाकधूक वाटत होती, तशीच गावकऱ्यांनाही. पण पाहुण्यांची सोय कामगारांच्या घरीच झाली. बायकांनी जेवू घातले, मुलांशी गप्पा झाल्या, आणि ज्या गोष्टी जन्मात कधी कोणी मोठ्याने बोललेल्या नव्हत्या, त्यांविषयी लोकांनी प्रश्न विचारले व उत्तरे ऐकली.

१९८५ च्या मार्चात संप हरला. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये लंडनला समलिंगी लोकांची जी वार्षिक मिरवणूक निघाली, तिच्या अग्रभागी वेल्सचे खाण कामगार आपले झेंडे घेऊन चालले. त्याच वर्षी लेबर पक्षाच्या अधिवेशनात समान हक्कांचा ठराव संमत झाला, आणि त्याच्या पाठीशी खाण कामगार संघटनेची मते होती.

आम्ही ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा आम्हांला भादली आठवली. वेल्सच्या कामगारांनी काही ग्रंथ वाचून मत बदलले नव्हते. संकटात कोण आपल्या बाजूला उभे राहिले, हे त्यांनी पाहिले, आणि पाहुण्याला घरात झोपविले. एक रात्र ज्याच्या घरी काढली, त्याच्याविषयी अफवा पसरविणे कठीण जाते. पाहुणचाराचा हा गुण आहे: तो पाहुण्याइतकेच यजमानालाही बदलतो.

कायदा कोठवर आला

आता कायद्याची गोष्ट थोडक्यात. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मान्य केली. रेल्वेने २०१६ साली आरक्षणाच्या अर्जात स्त्री व पुरुष यांच्या जोडीला तिसरा रकाना घातला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, प्रौढांनी संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असा निकाल दिला. आणि १ जुलै २०२४ पासून जी नवी न्यायसंहिता आली, तिच्यात ते ३७७ वे कलमच राहिले नाही. २०१९ साली तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा झाला. शाळा, दवाखाना, नोकरी, राहण्याची जागा आणि सार्वजनिक ठिकाणी जाणे-येणे यांत भेदभाव करू नये, असे त्याने सांगितले, आणि सार्वजनिक वाटेवर अडवणूक करणे किंवा घरातून, गावातून हुसकून लावणे यांना कैदेची शिक्षा ठेवली. समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नाकारले.

येथे लॉज-मालकांच्या मनातला एक गोंधळ दूर केला पाहिजे. दोन प्रौढ पुरुषांना किंवा दोन प्रौढ स्त्रियांना खोली देऊ नये, असे सांगणारा कोणताही कायदा नाही. ओळखपत्र पाहावे, नोंदवहीत नाव लिहावे आणि किल्ली द्यावी. 'तुमचे नाते काय' असा रकाना आपण नोंदवहीत आपल्या मनाने घालतो.

तथापि कायदा पोचतो आणि वाट थांबते, असे पुष्कळदा होते. रेल्वेच्या अर्जात तिसरा रकाना आला, पण फलाटावर उतरल्यावर कोणत्या मुतारीत जावे, याचे उत्तर त्या रकान्यात नाही. म्हणून पुढले काम आपले.

मग करावे काय

काम अवघड नाही. लॉज-मालकांच्या आणि हॉटेलवाल्यांच्या संघटना जळगावात आहेत, धुळ्यात आहेत. त्यांनी एकत्र बसून 'ओळखपत्र असलेल्या प्रत्येक प्रौढाला खोली' एवढे एक वाक्य ठरवावे आणि गल्ल्याजवळ लावावे. नियम सर्वांचा असला म्हणजे एकट्या मालकाला गिऱ्हाइकाच्या कुरकुरीची भीती राहत नाही. नगरपालिका आणि एस. टी. यांनी स्टँडवर निदान एक तरी मुतारी अशी बांधावी की, जिच्यावर बाईचे वा पुरुषाचे चित्र नाही आणि जिला आतून कडी आहे. ती अपंगांना, म्हाताऱ्यांना आणि लहान मुलीला घेऊन निघालेल्या बापालाही उपयोगी पडेल. गावच्या तरुण मंडळांनी अफवेचा संदेश आला की पुढे न ढकलता पोलीस पाटलाला दाखवावा. राईनपाड्यानंतर हे सांगण्याची पाळी येऊ नये, पण येते. आणि रिक्षावाले, हमाल, वेटर, कंडक्टर हे आमचे कामगार बंधू, यांनी ध्यानात घ्यावे की, परक्या माणसाला शहराचे पहिले तोंड दिसते ते तुमचे. पुढारी नंतर भेटतात.

आणि एक काम घरातले आहे. वर आम्ही प्रवासी म्हणून ज्यांना संबोधले, ते सगळेच परगावचे नाहीत. खान्देशची किती तरी मुले पोटासाठी सुरतेला, पुण्याला, मुंबईला गेलेली आहेत. त्यांतली काही पोटाबरोबर दुसऱ्याही कारणाने गेली: गावात राहून आपण जसे आहोत तसे जगता येणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. सुरतेच्या उधन्यात चार मित्रांच्या खोलीत त्यांना जो मोकळेपणा मिळतो, तो आपल्या वाड्यात मिळत नाही. आता अखाजी येईल. लेकी माहेरी येतील, आंब्याच्या रसाचे जेवण होईल, लिंबाच्या झाडाला झोके बांधले जातील. त्या दिवशी एखादा मुलगा एस. टी.तून उतरून घरी येईल, आणि ओसरीवर बसलेल्या आजोबांचा तिसरा प्रश्न त्याची वाट पाहत असेल. त्या वेळी आजोबांनी तो प्रश्न न विचारता 'जेवलास का रे?' एवढेच विचारले, तर बाकीचे मुलगा सवडीने स्वतः सांगेल, आणि दोन दिवसांसाठी आलेला चार दिवस राहील.

वाटसरूला पाणी द्यावे, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. पाणी आधी द्यावे आणि प्रश्न मागून विचारावेत, शक्य तर विचारूच नयेत, एवढे आपण शिकलो, तर खान्देशची ओसरी कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर बाहेरच्या कोणाला विचारावे लागणार नाही. जो येऊन बसेल, त्याच्यासाठी.